डबा जुना, लॅपटॉप नवा. फोटो बाहेर काढायचे कसे?

बेलापूरला पहिल्यांदाच रेल्वेने येणाऱ्या पाहुण्याची गंमत तुम्हाला ठाऊक असेलच. दौंड-मनमाड मार्गावर स्टेशनची पाटी 'बेलापूर', पण उतरल्यावर कळतं की आपण श्रीरामपुरात आहोत. आपलं गाव तिथून पुढे, प्रवरेकाठी! घरातली जुनी नॅस शोधताना तुमच्या नव्या लॅपटॉपचीही अशीच फसगत होते.

नॅस म्हणजे राउटरला केबलने जोडलेला, घरात सगळ्यांना वापरता येणारा हार्ड डिस्कचा डबा. त्यात ताईच्या लग्नाचा व्हिडिओ असतो, आजोबांचा आवाज असतो. नवा लॅपटॉप 'नेटवर्क पाथ सापडला नाही' म्हणतो आणि डबा भंगाराच्या वाटेला लागतो. जरा थांबा! डबा बऱ्याचदा चालू असतो. अडचण असते ती दोघांच्या भाषेची.

भांडण कशावरून?

फाइल्सची देवाणघेवाण करणाऱ्या या भाषेचं नाव एसएमबी. तिची पहिली आवृत्ती १९८०च्या दशकातली. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस याच आवृत्तीतल्या फटीतून जगभर पसरला. त्या ऑक्टोबरपासून विंडोज १०ची नवी आवृत्ती कोरी टाकली की एसएमबी १ बंदच येऊ लागली. जुन्या नॅसला मात्र अनेकदा तेवढीच भाषा येते.

आता काय कराल?

१. आधी नाव सोडा, पत्ता धरा. नेटवर्कच्या यादीत नावं दाखवण्याची जुनी पद्धतच एसएमबी १वर चालायची. म्हणून राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा, नॅसचा आयपी पत्ता घ्या आणि फाइल एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघांनंतर तो टाका. कधी कधी एवढ्यानेच काम होतं.

२. तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की नॅसचं सेटिंगचं पान उघडतं. तिथे एसएमबी २चा पर्याय किंवा फर्मवेअर अपडेट आहे का बघा. पासवर्डशिवाय 'गेस्ट' म्हणून आत जायची सवय असेल तर युजरनेम आणि पासवर्ड बनवा. विंडोज ११ प्रोच्या २०२४च्या आवृत्तीत गेस्टला दार बंद आहे.

३. तरी जमलं नाही, तर त्याच पानावर एफटीपी सुरू करा आणि फाइलझिलासारख्या मोफत सॉफ्टवेअरने फाइल्स उतरवून घ्या. घरात जुना विंडोज ७वाला कॉम्प्युटर पडून असेल तर त्याच्यावर पेनड्राइव्ह लावूनही काम भागतं.

४. शेवटचा उपाय म्हणजे 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन एसएमबी १चा फक्त 'क्लायंट' तात्पुरता चालू करणं. त्याआधी राउटरची इंटरनेटची वायर काढा. कॉपी झाली की फीचर बंद करा आणि मगच वायर लावा.

हे मात्र करू नका

डबा उघडून डिस्क थेट लॅपटॉपला लावली तर विंडोज विचारतं, 'फॉरमॅट करू का?' चुकूनही 'हो' म्हणू नका. बहुतेक नॅस आतून लिनक्सवर चालतात आणि त्यांच्या डिस्कची मांडणी विंडोजला वाचता येत नाही. विंडोजला डिस्क रिकामी वाटली तरी फोटो आत तसेच असतात. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवलं तर ते अनेकदा दिसतातही.

घाईही नको. जुन्या नॅसचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर सेकंदाला फार तर १२ एमबी येतात. म्हणजे एक टीबी उतरवायला पूर्ण दिवस लागतो. मध्येच लाइट गेली तर? डबा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. सर्वांत आधी फोटो उतरवा, सिनेमे नंतर.

मग डब्याचं काय?

घरातल्या घरात वापरा, पण इंटरनेटवरून उघडायची सोय बंद ठेवा. जून २०२१मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या जुन्या डब्यांमधला कित्येकांचा डेटा दूर बसलेल्या हॅकर्सनी पुसून टाकला. त्या डब्यांचं शेवटचं अपडेट २०१५चं होतं. कंपनीने अपडेट देणं थांबवलं की डबा चालतो, पण त्याचं दार राखायला कोणी उरत नाही.

आणि फोटोंच्या तीन प्रती ठेवा. एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा मामाच्या कपाटात. या रविवारी वेळ काढा. पंधरा वर्षं फिरलेली डिस्क दिवाळीपर्यंत टिकेलच, याची खात्री कोणी देत नाही.