मार्गदर्शकासह हिमालयीन पदभ्रमण : उंचीवरील डोकेदुखी लपवू नका

विमानाने लेह येथे उतरणारा पर्यटक काही तासांतच सुमारे ३,५०० मीटर उंचीवर पोहोचतो. तेथे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशच असतो. म्हणून पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. त्यानंतर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये.

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे ही लक्षणे बहुधा ६ ते १२ तासांत दिसू लागतात. सुदृढ तरुणही यास अपवाद नाहीत. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे; तेथील सराव पायांना उपयोगी पडतो, विरळ हवेत नव्हे. आपल्यामुळे गटाचा खोळंबा होईल या संकोचाने अनेक जण त्रास लपवतात आणि तेथेच धोका वाढतो. मार्गदर्शकास त्वरित सांगावे व लक्षणे शमेपर्यंत अधिक उंचीवर जाऊ नये. मद्य व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

बसल्या जागी धाप लागणे, चालताना तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे ही प्राणघातक आजाराची चिन्हे आहेत. अशा रुग्णास एकटे न सोडता तत्काळ खाली उतरवावे. सकाळची वाट पाहू नये. प्राणवायू उपलब्ध असल्यास द्यावा, मात्र त्यासाठी उतरणे लांबवू नये.

हृदयविकार, फुप्फुसविकार किंवा गर्भावस्था असल्यास सहलीची नोंदणी करण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.