गच्चीची किल्ली देण्यापूर्वी

तुमच्या इमारतीला यंदा रंग लावायचा आहे का? मग ही हकिगत वाचाच.

आमची इमारत सात मजल्यांची. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून गेल्या वर्षी दसऱ्यानंतर रंगकाम काढले. पूर्वी अशा कामाला बांबूची परांची बांधीत. पण परांचीला खर्च फार. त्यामुळे हल्ली गच्चीवरून दोर सोडतात आणि फळीच्या झुल्यावर बसून माणूस भिंत रंगवतो. आमच्या कॉन्ट्रॅक्टरनेही तेच सुचवले. ‘काम लवकर आणि पैशांची बचत’ म्हटल्यावर सोसायटीच्या सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात आमचे ‘हे’ होते आणि मीही होतेच.

तिसऱ्या दिवशी शाळेतून येऊन कुकर लावला, तो खिडकीबाहेर दोन पाय! रंगाने माखलेले, पाचव्या मजल्यावर लोंबकळणारे. झुला हळूहळू खाली आला आणि वीस-एकवीस वर्षांचा एक मुलगा दिसला. अंगाला पट्टा नाही, डोक्यावर हेल्मेट नाही.

“अरे, भीती नाही का वाटत?” मी विचारले.

“सवय आहे काकू. थोडं पाणी द्या ना.”

गजांतून मी पेला पुढे केला. त्याने दोरावरचा एक हात काढून तो घेतला, आणि माझ्याच पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी गोधड्या उन्हात घालायला गच्चीवर गेले. पाहते तो काय, त्या मुलाचा सगळा भार एकाच दोरावर, आणि तो दोर बांधलेला पाण्याच्या टाकीच्या शिडीला! कठड्याच्या धारेवर तो जिथे वळत होता, तिथे पीळ उसवून कापसासारखे तंतू बाहेर आले होते. मी किंचाळलेच. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी धावल्या. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने त्याला धरून गॅलरीत ओढून घेतले. वहिनींनी साखरपाणी दिले, तर पेला त्याच्या दातांवर वाजत होता. सवय कुठल्या कुठे पळाली होती.

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. १६७० साली तानाजीचे मावळे दोराने सिंहगड चढले, ही गोष्ट दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी वर्ग श्वास रोखून ऐकतो. पण तिथे स्वराज्याचा प्रश्न होता. आमच्या भिंतीला फिकट पिवळा रंग लावायचा म्हणून कुणा आईच्या लेकाने तेवढे साहस का करावे?

मग मी माहिती काढायला बसले. मैत्रिणींनो, दोराने काम करणे मुळीच वाईट नाही. नीट केले तर ती एक शिस्तीची विद्या आहे. युरोपातल्या गुहा धुंडाळणाऱ्यांनी आणि गिर्यारोहकांनी ती विकसित केली. १९८०च्या दशकात उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींच्या प्रचंड सांगाड्यांवर ती वापरली जाऊ लागली आणि ब्रिटनमध्ये या कामाची संघटना उभी राहिली. तिचे प्राथमिक शिक्षण चार दिवसांचे, त्यानंतर परीक्षा. वरची पायरी गाठायला किमान एक वर्ष आणि दोरावरचे हजार तास लागतात. २०११च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत भूकंप झाला, तेव्हा राजधानीतल्या १६९ मीटर उंचीच्या वॉशिंग्टन स्मारकाला तडे गेले. बाहेरून त्याची तपासणी केली ती दोरावरून उतरणाऱ्या अभियंत्यांनी. त्यांत एक तरुण स्त्री अभियंताही होती!

या विद्येचे मर्म एवढेच, की दोर दोन हवेत. मंगळसूत्र आपण दुपदरी का ओवतो? एक पदर तुटला तर दुसऱ्याने सांभाळावे म्हणून. तसेच हे. एका दोरावर माणूस काम करतो, दुसरा केवळ सुरक्षेचा. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले. कामाच्या दोरावर उतरण्याचे जे यंत्र असते, त्याची मूठ सोडली की माणूस जागीच थांबतो. सुरक्षेच्या दोरावरची कळ त्याच्याबरोबर सरकत राहते आणि तो अचानक घसरला तर दोराला घट्ट पकडते. नुसता कमरेचा पट्टा उपयोगाचा नाही, झटक्याने कणा दुखावतो. खांदे, छाती आणि मांड्या धरणारा पूर्ण अंगाचा पट्टाच हवा.

हे सगळे मी सोसायटीच्या सभेत मांडले. “कॉन्ट्रॅक्टर बघेल की! जबाबदारी त्याची,” असे उत्तर आले. तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या वहिनी एवढेच म्हणाल्या, “त्याला गॅलरीत ओढताना माझ्या हाताला त्याच्या छातीची धडधड लागत होती.” सभा गप्प झाली. उंच भिंतींचे काम शिकलेल्या तुकडीला द्यायचे ठरले. प्रत्येक घरामागे बाराशे रुपये जास्त पडले. एका बऱ्या साडीची किंमत.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. काम थांबल्यावर तो मुलगा जिन्यात भेटला आणि हळूच म्हणाला, “काकू, तुम्ही चांगलंच केलंत. पण या आठ दिवसांची मजुरी कोण देणार?” मला उत्तर सुचेना. रोजंदारीचा माणूस धोका पत्करतो तो हौसेने नव्हे, घरी चूल पेटायची असते म्हणून. पुन्हा सभा घेतली. त्या दिवसांची मजुरी सोसायटीने दिली आणि जिन्याचे, आतल्या भिंतींचे रंगकाम त्याच मुलांकडे ठेवले. तुम्हीही काम थांबवाल तेव्हा हे विसरू नका.

आता तुमच्यासाठी थोडक्यात. गच्चीची किल्ली देण्यापूर्वी हे विचारा:

१. प्रत्येक माणसाला दोन स्वतंत्र दोर आहेत का?

२. ते कशाला बांधणार? पाण्याचा पाइप, टाकीची शिडी, कठड्याची जाळी चालणार नाही. इमारतीच्या भक्कम भागालाच, तोही जाणकाराने तपासल्यावर.

३. कठड्याच्या धारेवर दोराखाली आवरण घालणार का?

४. पूर्ण अंगाचा पट्टा आणि हेल्मेट आहे का? पट्ट्यासाठी आपल्याकडे आय.एस. ३५२१ हे भारतीय मानक आहे, तो क्रमांक पाहा.

५. कुणी दोरावर बेशुद्ध झाला तर खाली कसा आणणार? पट्ट्यात निश्चल लोंबकळत राहिले की पायांत रक्त साकळते आणि काही मिनिटांतच जिवावर बेतू शकते. अग्निशमन दलाची वाट पाहत बसून भागत नाही. उतरवू शकणारा शिकलेला जोडीदार जवळच हवा.

६. प्रशिक्षणाचा दाखला आणि विम्याचा कागद आहे का? तोंडी नको, प्रत मागून घ्या.

आपल्या घरातही थोडी काळजी घ्या. काम चालू असेतो गॅलरीच्या कठड्यावरच्या कुंड्या आत घ्या. खिडकीची दारे एकदम बाहेर ढकलू नका. लोंबणाऱ्या दोराला मुलांना हात लावू देऊ नका, त्यावर ओले फडके तर नकोच नको. आणि फरशी धुण्याचे अ‍ॅसिड गच्चीवर दोराजवळ ठेवू नका. त्याने नायलॉन कमजोर होतो आणि वरून ते नेहमी दिसेलच असे नाही.

दिवाळीला आमची इमारत छान दिसली. तो मुलगा फराळाला आला होता. चकली खाता खाता म्हणाला, “काकू, ते दोन दोरांचं कुठे शिकवतात?” त्या तुकडीच्या मुकादमाचा नंबर मी त्याला लिहून दिला. येत्या सुट्टीत जाणार म्हणतो.

रंग पाच-सहा वर्षांनी पुन्हा लावता येतो. एवढे लक्षात ठेवा आणि मगच किल्ली द्या.