थांबलेल्या गाडीतली हवा

१९ जानेवारी २०२०. चीनच्या झेजियांग प्रांतातल्या निंगबो इथून दोन बसगाड्या देवदर्शनाला निघाल्या. एकीत ६० माणसं, दुसरीत ६८. बौद्ध मंदिरात पूजा, तिथंच जेवण आणि घरी परत, असा आपल्याकडच्या कुठल्याही यात्रा कंपनीला शोभेल असा बेत. जाऊन-येऊन प्रवास अवघा १०० मिनिटांचा. थंडीमुळे काचा लावलेल्या, आतली हवा एसीच्या यंत्रणेतून आतल्या आत फिरत राहिलेली. मास्क लावायचं कुणाच्या मनातही नव्हतं. कोरोना माणसाकडून माणसाला होतो हे चीननं जाहीर केलं ते दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या बसमध्ये एक बाधित प्रवासी होता. पुढच्या काही दिवसांत त्या बसमधल्या ६८ पैकी २४ जणांना, म्हणजे दर तिघांतल्या एकापेक्षा जास्त लोकांना, कोविड झाल्याचं निघालं. पहिल्या बसमधल्या एकालाही नाही. मंदिरात तर दोन्ही बसमधली मंडळी एकत्रच वावरली होती.

संशोधकांनी दुसऱ्या बसचा आसनांचा नकाशा मांडला, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. रुग्णाच्या जवळ बसलेल्यांना जास्त धोका आणि लांब बसलेल्यांना कमी, असा सरळ हिशेब लागत नव्हता. पार मागच्या रांगांतही लागण पोहोचली होती. उघडता येणाऱ्या खिडक्यांशी बसलेले मात्र बहुतेक सुटले. त्यांच्यापैकी ज्याला लागण झाली, तो रुग्णाच्या शेजारीच होता. ड्रायव्हर सुटला, दाराजवळचेही सुटले.

प्रवासात मास्क लावावा की नाही, यावर गेल्या काही वर्षांत भरपूर भांडणं झाली. कुणी त्याला कवचकुंडलं मानलं, कुणी सरकारी जाच. निंगबोच्या बसनं तेव्हाच दुसरा प्रश्न पुढे केला होता : आपण आत्ता श्वासावाटे घेतोय ती हवा किती जणांच्या छातीतून येऊन गेली आहे, आणि ती बदलते आहे की नाही? मास्क कधी लावायचा, कुठला लावायचा आणि आधी कुणी लावायचा, हे या एका प्रश्नावरून ठरवता येतं.

रेल्वेच्या वाटेनं आलेली साथ

मास्क आणि प्रवास यांची पहिली मोठी गाठ शंभर वर्षांपूर्वी पडली, तीही रेल्वेच्या रुळांवर. १९१० च्या हिवाळ्यात मांचुरियातल्या हार्बिन शहरात माणसं रक्त ओकून मरू लागली. हा फुप्फुसांचा प्लेग. तो विषाणूनं नव्हे, जिवाणूनं होतो. पण खोकल्यावाटे पसरण्याची त्याची रीत आजच्या साथींची आठवण करून देणारी. मार्मोट या खारीच्या जातीच्या प्राण्याच्या शिकाऱ्यांमधून तो आला आणि रशियन व जपानी रेल्वेमार्गांनी दक्षिणेकडे सरकला. चिनी नववर्ष तोंडावर होतं. मांचुरियात राबणारे हजारो मजूर शांडोंगकडे आपापल्या गावी निघाले होते. दिवाळीच्या आधी पुण्या-मुंबईहून सुटणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना ती गर्दी वेगळी सांगायला नको.

चिनी सरकारनं तिथं वू लिएन-तेह या ३१ वर्षांच्या डॉक्टरला पाठवलं. पेनांगमध्ये जन्मलेला, केंब्रिजमध्ये शिकलेला हा माणूस म्हणाला, ही लागण उंदीर-पिसवांची नाही, श्वासातून होतेय. उपाय म्हणून त्यानं जाळीदार कापडाच्या थरांत कापसाची जाड पट्टी घातली, कापडाची टोकं चिरून त्यांचे बंद केले आणि ते डोक्यामागे बांधायला सांगितले. साहित्य बाजारात कुठंही मिळणारं, खर्च किरकोळ. जेराल्ड मेनी या अनुभवी फ्रेंच डॉक्टरनं मात्र त्याचं म्हणणं उडवून लावलं आणि मास्क न लावताच तो रुग्ण तपासायला गेला. थोड्याच दिवसांत तो दगावला. त्यानंतर हार्बिनमध्ये मास्कवरून वाद घालायला फारसं कुणी उरलं नाही.

वूनं केवळ मास्कवर भिस्त ठेवली नव्हती. रशियन रेल्वेकडून मालडबे मागून घेऊन त्यांत संशयितांना वेगळं ठेवलं, लोकांच्या ये-जा करण्यावर निर्बंध आणले. सुमारे ६० हजार माणसं गेली, पण १९११ च्या वसंतापर्यंत साथ आटोक्यात आली.

सात वर्षांनी इन्फ्लुएन्झा आला. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावर असलेले पोलीस शिपाई तापानं फणफणले आणि तिथून रेल्वेच्या फाट्याफाट्यांनी हा ताप देशभर गेला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. हिंदुस्थानात एकूण किती गेले याचे अंदाज एक ते दोन कोटींच्या घरात आहेत. त्याच सुमाराला अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या ट्रामचे कंडक्टर मास्क नसलेल्या उतारूला पायरीवरूनच परत पाठवत होते. सॅन फ्रान्सिस्कोत मास्कची सक्ती झाली, आणि १९१९ च्या जानेवारीत त्याच शहरात ‘अँटी-मास्क लीग’ही उभी राहिली. मास्कवरून हमरीतुमरीवर येणं ही आपल्या पिढीची करामत नव्हे.

विमान उडतं तेव्हा, आणि उभं असतं तेव्हा

विमानाची आपल्याला सगळ्यात जास्त भीती वाटते. बंद नळकांडं, शेजाऱ्याच्या कोपराला कोपर. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. आधुनिक प्रवासी विमान उडत असताना आतली हवा तासाला साधारण २० ते ३० वेळा बदलते, आणि जी पुन्हा आत येते ती ‘हेपा’ गाळणीतून येते. ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. आपल्या बहुतेक कचेऱ्यांपेक्षा ही हवा बरी.

मेख आहे ती यंत्रणा बंद असताना. १९७७ मध्ये अलास्कात ५४ जणांचं एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे तीन तास जमिनीवर अडकलं. बहुतेक प्रवासी आतच बसून राहिले, हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती आणि आत एक जण फ्लूनं खोकत होता. पुढच्या ७२ तासांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले.

म्हणून उडत्या विमानात सगळं आलबेल असंही नाही. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानात सार्सचा एक रुग्ण होता. प्रवास तीन तासांचा, विमानात १२० माणसं. २२ जणांना लागण झाली, त्यातले काही रुग्णापासून बऱ्याच रांगा लांब बसलेले. मार्च २०२० च्या सुरुवातीला लंडनहून हनोईला गेलेल्या विमानात खोकणारी एक प्रवासी बिझनेस क्लासमध्ये होती. तिच्यामुळे बहुधा १५ जण बाधित झाले, त्यातले १२ तिच्याच वर्गातले. ऐसपैस खुर्च्यांमधलं अंतर दहा तासांच्या प्रवासात कामी आलं नाही. मास्कची तेव्हा सक्ती नव्हती.

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवू. २२ जानेवारी २०२० ला ग्वांगझौहून टोरोंटोला सुमारे साडेतीनशे प्रवाशांना घेऊन गेलेल्या विमानात वुहानहून आलेला, कोरडा खोकला असलेला एक माणूस होता. पंधरा तासांचा प्रवास. त्याची लक्षणं सौम्य होती आणि त्यानं मास्क लावला होता. विमानात त्याच्यापासून कुणाला लागण झाल्याचं आढळलं नाही. एका प्रसंगावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण जो खोकतोय त्याच्या तोंडावरचा मास्क सगळ्यात मोलाचा, या तर्काला हा प्रसंग धरून आहे.

आणि मास्क असूनही फसलेला प्रवास? तोही आहे. सप्टेंबर २०२० मध्ये दुबईहून न्यूझीलंडला गेलेल्या विमानातल्या ८६ प्रवाशांपैकी सात जण विलगीकरणात असताना बाधित निघाले. त्यातल्या चौघांना बहुधा विमानातच लागण झाली. सातपैकी पाच जणांनी आपण मास्क वापरल्याचं सांगितलं होतं. हे सगळे एकमेकांपासून चार रांगांच्या आत बसले होते. वाटेत क्वालालंपूरला इंधन भरताना हवेची यंत्रणा सुमारे अर्धा तास बंद होती. अठरा तास, त्यात खाणंपिणं, झोप आणि तो अर्धा तास. इतक्या वेळात मास्क कधी ना कधी खाली येतोच.

मास्कच्या पोटात

तीन पदरी साधा मास्क कात्रीनं कापून पाहा. बाहेरचा निळा पदर आणि आतला पांढरा पदर दिसायला मजबूत, पण काम असतं ते मधल्या पातळ, पांढऱ्याफटक पदराचं. बोटांनी ओढला तर कापडासारखा उसवत नाही, कागदासारखा टरकतो. वितळलेल्या पॉलिप्रोपिलीनवर गरम हवेचा झोत सोडून काढलेल्या अतिसूक्ष्म धाग्यांचं ते जाळं असतं. त्याची छिद्रं विषाणूपेक्षा खूप मोठी असतात. ‘डास अडवायला कुंपण कशाला’ म्हणणाऱ्यांचं गणित इथंच चुकतं, कारण मास्क हा चाळणीसारखा चालत नाही. मोठे कण वेगात येतात, वळण घेता येत नाही म्हणून धाग्यावर आदळतात. अगदी बारीक कण हवेत वेडेवाकडे भरकटतात आणि धाग्याला चिकटतात. सगळ्यात निसटता आकार मधला, सुमारे ०.३ मायक्रॉनचा. म्हणूनच मास्कची परीक्षा त्याच आकारावर घेतात. एन-९५ नावातले ९५ म्हणजे असे किमान ९५ टक्के कण अडवणं.

हे साधतं स्थिर विजेमुळे. टेनेसी विद्यापीठातले तैवानी-अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर साय यांनी धाग्यांना विद्युतभार देण्याची जी पद्धत विकसित केली, तिच्यामुळे दाट न विणताही कण खेचून घेणारं कापड मिळालं. श्वास घ्यायला सोपं, तरी गाळायला कडक. असा मास्क साबणानं धुतला किंवा सॅनिटायझरनं ओला केला की हा भार उतरतो. धुऊन लख्ख झालेला एन-९५ दिसायला नवा, कामाला जुना.

दुसरी गळती कडांची. नाकाच्या दोन्ही बाजूंची फट, दाढी, सैल झालेले कानातले बंद. हवा नेहमी सोपी वाट धरते; बाजूनं जागा असेल तर गाळणीतून जाईल कशाला? नाकावरची पट्टी दोन बोटांनी दाबून बसवणं हे म्हणून शिष्टाचाराचं नव्हे, कामाचं आहे. झडपेच्या मास्कची गोष्ट आणखी वेगळी : तो घालणाऱ्याचं रक्षण करतो, पण त्याचा उच्छ्वास न गाळता बाहेर सोडतो. जुलै २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य विभागानं राज्यांना पत्र लिहून या मास्कपासून सावध केलं होतं.

पुरावा किती?

बांगलादेशात ६०० गावांमधल्या तीन लाख ४२ हजारांहून अधिक प्रौढांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत फुकट मास्क वाटले, ते लावण्याचा आग्रह धरला. मास्कचा नीट वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला, आणि रक्ततपासणीत सिद्ध झालेला लक्षणांसह कोविड सुमारे ९ टक्क्यांनी घटला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत घट ११ टक्के, तिथल्या साठीच्या पुढच्यांत ३५ टक्के. डेन्मार्कमधल्या सुमारे सहा हजार लोकांच्या प्रयोगात मात्र मास्कचा सल्ला मिळालेल्यांत १.८ टक्के आणि न मिळालेल्यांत २.१ टक्के बाधित निघाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

या दोन प्रयोगांत दिसतो तेवढा विरोध नाही. डेन्मार्कच्या प्रयोगानं मास्क लावणाऱ्याचं किती रक्षण होतं एवढंच मोजलं, तेही आसपास बहुतेक जण विनामास्क असताना. बांगलादेशात अख्ख्या गावानं मास्क लावण्याचा परिणाम मोजला गेला. आणि तिथंही निम्म्याहून अधिक माणसं विनामास्क होती. फायदा आहे, तो मर्यादित आहे, आणि एकट्यापेक्षा सगळ्यांनी मिळून लावण्यात जास्त आहे, एवढं म्हणायला हा पुरावा पुरेसा आहे.

लोकल, एसटी आणि दंडाची पावती

हे सगळं मुंबईच्या लोकलला लावून पाहू. गर्दीच्या वेळी इथं एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. अंतर ठेवा, हा सल्ला इथं विनोदच. २२ मार्च २०२० च्या रात्री लोकल बंद झाली, १५ जूनला अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली. सर्वसामान्यांना ठरावीक वेळेत प्रवेश मिळाला १ फेब्रुवारी २०२१ ला, आणि दुसऱ्या लाटेनं तो पुन्हा हिरावल्यावर १५ ऑगस्टला लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांना दारं उघडली. साध्या लोकलची उघडी दारं-खिडक्या ही तिची जमेची बाजू. एसी लोकलची दारं मिटतात, मग भिस्त यंत्रणेवर. एसटीच्या लाल गाडीत खडखडणारी काच सरकवता येते, रात्रीच्या एसी स्लीपर कोचमध्ये पडदा ओढला की तेवढीही सोय नाही.

सक्ती आली ती दंडाच्या रूपानं. १८९७ च्या प्लेगमध्ये केलेला साथरोग कायदा महाराष्ट्रानं मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला. मुंबई महापालिकेनं ८ एप्रिलला सार्वजनिक जागी मास्क बंधनकारक केला, रेल्वेनं एप्रिल २०२१ मध्ये विनामास्क प्रवाशाला ५०० रुपयांपर्यंत दंड ठेवला. फलाटावरचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं : मार्शल दिसला की मास्क नाकावर, पाठ फिरली की हनुवटीवर. फोन वाजला की खाली, कारण बोलणं ऐकू जायला हवं! नेमकं बोलतानाच तोंडातून जास्त कण बाहेर पडतात. दंडानं मास्क खिशात आणला. तो कधी लावायचा हे मात्र कुणी शिकवलं नाही. राज्यानं एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली : ऑक्टोबर २०२० मध्ये मास्कच्या किमतींवर मर्यादा घातली. तीन पदरी मास्क चार रुपये, एन-९५ प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये.

२ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यात मास्कची सक्ती उठली, नोव्हेंबरात विमानातली. ते योग्यच झालं. बारा महिने, चोवीस तास तोंड बांधून कुणी जगत नाही, आणि जगायची गरजही नाही.

सक्ती गेली तरी प्रवासातलं तारतम्य जाऊ नये. फ्लूची, कोविडची किंवा उद्याच्या एखाद्या अनोळखी विषाणूची साथ चालू असेल, तर विमानात चढताना आणि उतरण्यासाठी रांगेत उभं असताना, घाटात अडकलेल्या बंद काचांच्या बसमध्ये, दोन स्थानकांच्या मध्ये थबकलेल्या एसी लोकलमध्ये मास्क लावा. यंत्रणा सुरू झाली, काच उघडली, की मग हवा तर काढा. घरात म्हातारी माणसं, दम्याचे किंवा कर्करोगाचे रुग्ण असतील, तर कडेनं फट न राहणारा एन-९५ पूर्ण प्रवासभर घाला. आणि ताप-खोकला तुम्हालाच असेल तर तिकीट रद्द करा. ते जमण्यासारखं नसेल, तर गाडीतल्या इतरांनी मास्क लावण्याची वाट पाहू नका : पहिला मास्क तुमचा.