डोकी मोजली, शिकणं राहिलं

दहावीचा निकाल लागला की कोकण विभागीय मंडळाचं नाव सगळ्यात वर असतं. 2025 साली राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला, कोकणाचा 98.82. त्याच दिवशी मंडळाने दिव्यांग विद्यार्थ्यांचा निकालही वेगळा सांगितला : राज्यभरातून 9,585 मुलं बसली, 8,844 उत्तीर्ण झाली, म्हणजे 92.27 टक्के. या मुलांना लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो, काहींना गणिताऐवजी सातवीचं अंकगणित घेता येतं. पण दहावीपर्यंत पोचलेल्यांचा हा हिशेब आहे. वर्गाची प्रश्नपत्रिका ज्यांना कोणतीही सवलत दिली तरी लागू पडत नाही, त्या मुलांची प्रगती कुठे छापून येते?

समजा, केळशीच्या शाळेत चौथीत बौद्धिक दिव्यांग असलेली एक मुलगी आहे. भाषेच्या चाचणीतला उतारा ती वाचू शकत नाही. मात्र वर्षभरात ती स्वतःचं नाव ओळखायला लागली, दुकानात दहाची नोट कोणती हे सांगायला लागली, दापोलीची एसटी कोणती हे पाटीवरच्या पहिल्या अक्षरावरून हेरायला लागली. चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेत हरवली तर आपलं नाव आणि वाडी ती अनोळखी माणसाला सांगू शकेल. माझ्या मते चौथीतल्या कुठल्याही मुलाच्या वर्षभराच्या कमाईइतकीच ही कमाई मोठी आहे. चाचणीच्या गुणपत्रकात मात्र तिच्यापुढे शून्य येतं, नाहीतर ‘गैरहजर’.

अशा मुलांचं शिकणं मोजायची साधनं आपल्याकडे नाहीत, असं नाही. मद्रासमध्ये तयार झालेल्या एमडीपीएस पद्धतीत 18 क्षेत्रांतली 360 कौशल्यं आहेत. सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी ही तपासणी-सूची विशेष शाळांत वापरली जाते. मूल एखादी गोष्ट आपली आपण करतं, सांगितल्यावर करतं की हात धरून करून घ्यावी लागते, याची नोंद तीत होते. एका पातळीवरची 80 टक्के कौशल्यं जमली की मूल पुढच्या पातळीवर जातं. मुंबईच्या जय वकील संस्थेने घडवलेला ‘दिशा’ अभ्यासक्रम आता राज्यातल्या विशेष शाळांमध्ये पोचतो आहे. प्रत्येक मुलाचं मूल्यमापन आणि त्यावरून ठरणारा वैयक्तिक आराखडा हा त्याचा गाभा आहे.

अडचण अशी की विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि केळशीची शाळा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे. दापोली पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, त्यामुळे गावातलं मूल बहुधा गावातल्याच शाळेत जातं, आणि तसंच व्हायला हवं. त्याच्यासाठी गटसाधन केंद्राचे विशेष शिक्षक फिरतीवर येतात. मुलाचं नाव आणि दिव्यांगत्वाचा प्रकार युडायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत भरला जातो. म्हणजे जिल्ह्याला मूल ‘आहे’ हे कळतं. ते काय शिकलं, हे विशेष शिक्षकाच्या फायलीत राहतं. डिसेंबर 2024 मध्ये तिसरी, सहावी आणि नववीचं परख हे राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्याच्या अहवालात मुलगे-मुली, ग्रामीण-शहरी, शाळेचं व्यवस्थापन अशा तुलना आहेत, पण एफएसीपीसारख्या पर्यायी मूल्यमापनाचा निकाल नाही.

कायदा तर याहून पुढे आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं सोळावं कलम सांगतं की प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, त्याने गाठलेली पातळी आणि शिक्षणाची पूर्तता यांवर देखरेख ठेवायची. सतराव्या कलमात अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धतीत योग्य बदल करायला सांगितलं आहे. ‘प्रत्येक’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेने 1997 च्या कायदादुरुस्तीने राज्यांना सांगितलं की सर्वसाधारण परीक्षा देऊ न शकणाऱ्या मुलांसाठी 2000 सालापर्यंत पर्यायी मूल्यमापन सुरू करा आणि त्याचे निकालही जाहीर करा. तोवर अशी मुलं परीक्षेच्या दिवशी बाजूला बसवली जात, आणि शाळेची सरासरी छान दिसे. पुढे उलटा धोका दिसला : जरा मागे पडणारं मूल सरळ सोप्या परीक्षेकडे ढकलायचं. म्हणून 2015 च्या कायद्याने मर्यादा घातली. राज्यातल्या एकूण परीक्षार्थींपैकी एका विषयात एक टक्क्याहून जास्त मुलं पर्यायी परीक्षेला बसवता येत नाहीत. एखाद्या शालेय जिल्ह्यात प्रमाण जास्त झालं, तर त्याने राज्याला लेखी कारण द्यायचं आणि राज्याने ते लोकांसमोर ठेवायचं. ‘सर्वांना पास करा’ म्हणणाऱ्या आपल्या व्यवस्थेला हा लगाम फार उपयोगी पडेल.

आणखी एक काळजी तिकडे घेतात. मुलांची संख्या फार थोडी असेल तर त्या गटाचा निकाल छापत नाहीत. केळशीसारख्या गावात एका वर्गात असं एखादंच मूल असणार; शाळेच्या फलकावर आकडा लावला की नाव लावल्यासारखंच. म्हणून शाळेने तपशील फक्त पालकांना द्यावा, तालुक्याने बेरीज करावी आणि रत्नागिरी जिल्ह्याने ती छापावी : किती मुलं पर्यायी मूल्यमापनावर आहेत, कितींचा आराखडा झाला, ठरवलेल्यापैकी किती उद्दिष्टं गाठली.

तोवर पालकांच्या हातात एक गोष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. मुलाचा वैयक्तिक आराखडा कधी केला, वर्षात किती वेळा तपासला आणि त्याची प्रत घरी का नाही, हे जूनच्या पहिल्या बैठकीतच विचारावं आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं.