रुमानियाच्या सेनेचे शिल्पकार : जनरल फ्लोरेस्कू

सन १८७७ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात प्लेव्हना येथे रुमानियन सैन्याने जो पराक्रम गाजविला, त्याच्या वर्णनात राजपुत्र कारोल व जनरल चेर्नात यांची नावे येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु हे सैन्य ज्यांनी घडविले, त्या योन एमानोइल फ्लोरेस्कू यांच्याकडे त्या रणांगणावर कोणतेही अधिकारपद नव्हते.

फ्लोरेस्कू यांचा जन्म १८१९ चा. त्यांचे उच्च सैनिकी शिक्षण पॅरिस येथे झाले. १८५९ मध्ये वालाकिया व मोल्दाविया या तुर्की सुलतानाच्या मांडलिक संस्थानांनी अलेक्सांद्रू कुझा या एकाच पुरुषास आपला राजा निवडले. राजा एक झाला, तरी फौजा दोनच होत्या! त्यांचे एकीकरण करण्याचे किचकट कार्य सेनापती-कार्यालयाचे प्रमुख व युद्धमंत्री या नात्यांनी फ्लोरेस्कू यांनी पार पाडले. १८६० मध्ये आलेल्या फ्रेंच लष्करी मंडळाचे त्यांस साहाय्य लाभले. १८६६ मध्ये याच सेनेतील काही अधिकाऱ्यांनी कुझास पदच्युत केले आणि कुझाचे विश्वासू म्हणून फ्लोरेस्कूही सत्तेबाहेर गेले.

कारोलच्या राजवटीत १८७१ मध्ये कातार्जू यांच्या मंत्रिमंडळात ते पुन्हा युद्धमंत्री झाले. १८७२ चा सेना-संघटनेचा कायदा हे त्यांचे सर्वांत टिकाऊ कार्य मानावे लागेल. गरीब देशाला मोठी खडी फौज पोसणे शक्य नव्हते. म्हणून खड्या फौजेच्या जोडीला प्रादेशिक सेना बळकट करण्यात आली. तिच्यातील ‘दोरोबांत्स’ हे पायदळ शेतकऱ्यांचे. ते आळीपाळीने चाकरीवर येत व एरवी शेती करीत. ‘कलराश’ हे घोडेस्वार स्वतःचा घोडा आणीत; मराठी वाचकास येथे शिलेदाराचे स्मरण व्हावे.

एप्रिल १८७६ मध्ये फ्लोरेस्कू पंतप्रधान झाले, ते जेमतेम तीन आठवडे. त्यानंतर सत्तेवर आलेल्या उदारमतवाद्यांनी कातार्जू मंत्रिमंडळातील मंत्र्यांवर खटला भरण्याचा ठराव केला. दुसऱ्याच वर्षी युद्ध पेटले, तेव्हा सर्वांत अनुभवी संघटक पक्षद्वेषामुळे बाजूला राहिला. आमच्या मते हा राष्ट्राचाच तोटा होता.

इकडे टोपीत टर्कीचे पीस खोवणारे, म्हणून ‘कुर्कान’ हे टोपणनाव मिळालेले दोरोबांत्स सप्टेंबर १८७७ मध्ये ग्रिवित्साच्या तटावर चढले. डिसेंबरमध्ये प्लेव्हना पडले. मंत्र्यांवरील आरोप १८७८ मध्ये मागे घेण्यात आले, तोवर युद्ध संपले होते. १८९१ मध्ये फ्लोरेस्कू पुन्हा काही महिने पंतप्रधान होते. १८९३ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.