संपणारे खेळ आणि न संपणारे खेळ

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आपल्या घरांतून दोनच वाक्ये ऐकू येतात. एक, "डोळे जातील," आणि दुसरे, "अभ्यासाचे वाटोळे होईल." दोन्हींत तथ्य आहे. परंतु मुलांच्या हातात काय आहे हे न बघता सगळ्याच खेळांना एका काठीने हाकणे बरोबर नाही. पुस्तकांत जशी चांगली-वाईट असतात, सिनेमांत असतात, तशीच खेळांतही असतात. ती कशी ओळखावीत, हे आई-वडिलांनी स्वतः खेळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून २०२५ या वर्षात मी माझ्या दोन मुलांबरोबर सहा खेळ शेवटपर्यंत खेळले. आम्ही उल्हासनगर कॅम्प नंबर १ मध्ये राहतो. मी घरी शिवणकाम करते, मुलांचे पप्पा पाळीवर जातात. मुलगी नववीत, मुलगा सातवीत. भावाने नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना आम्हाला दिला. त्यावर दर रविवारी संध्याकाळी दोन तास खेळायचे, असे ठरले. नियम तीनच होते. खेळ सुरू केला की तो पुरा करायचा, आत पुन्हा पैसे मागणारा खेळ घ्यायचा नाही, आणि संपल्यावर त्यावर घरात बोलायचे. सासूबाई पलंगावर बसून बघत आणि मधूनमधून आम्हाला वाटही दाखवत.

कॅसेट फुंकून खेळायचे खेळ

आमच्या लहानपणी उल्हासनगरच्या बाजारात टीव्हीला जोडायचे गेम मिळत. 'समुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशी नावे होती. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राच्या त्या नकला. आपल्या गावाला नकलेचे नवल ते काय? 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद साऱ्या मुंबईला माहीत आहे. पण त्या नकलेमुळेच कामगारांच्या घरात हा खेळ पोहोचला. कॅसेट लागली नाही की ती काढून फुंकायची आणि पुन्हा खोचायची, हे शास्त्र प्रत्येक पोराला येत होते. मुलींच्या हाती मात्र रिमोट क्वचितच यायचा. आम्ही बाजूला बसून भावांचे खेळणे बघायचो.

यंदा पहिला खेळ घेतला तो त्यातलाच, 'सुपर मारिओ ब्रदर्स'. जपानमध्ये १९८५ साली निघालेला. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, असे एकूण ३२ टप्पे. पहिल्या सात किल्ल्यांच्या शेवटी निरोप मिळतो की राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे. सातव्यांदा हे वाचल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हे तर घरकुलाच्या अर्जासारखं झालं." आठव्या जगापर्यंत पोहोचायला आम्हाला पाच रविवार लागले. या खेळाची खुबी अशी की, तो सूचना न देता शिकवतो. पहिल्याच टप्प्यात समोरून एक प्राणी चालत येतो. उडी मारली नाही तर मरण, मारली तर धडा मिळाला. चांगला शिक्षक असाच असतो.

दुसरा 'कॉन्ट्रा'. दोघांनी मिळून बंदुकांनी लढायचा, आठ टप्प्यांचा खेळ. तीन जीव मिळतात आणि बटणे ठरावीक क्रमाने दाबली की तीस होतात. गोष्ट म्हणून त्यात फारसे काही नाही. पण भावंडांनी एकमेकांना सांभाळत पुढे जायचे, नाहीतर एकाच्या घाईने दुसरा खड्ड्यात पडतो, एवढे मात्र त्यातून मुले शिकली.

अंधारातला मुलगा

तिसरा 'लिंबो'. डेन्मार्कमधल्या 'प्लेडेड' कंपनीचा, २०१० सालचा. सगळे चित्र काळे-पांढरे, संवाद एकही नाही. एक लहान मुलगा जंगलात जागा होतो आणि बहिणीला शोधत निघतो. वाटेत प्रचंड कोळी आहे, सापळे आहेत, करवती आहेत. मुलगा पुनःपुन्हा मरतो आणि पुनःपुन्हा उठतो. माझा मुलगा पहिल्या दिवशी घाबरला. लहान पोरांना हा खेळ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांबरोबर मोठ्यांनी शेजारी बसून खेळावा. अडले की जरा थांबावे, आजूबाजूला काय काय पडले आहे ते बघावे, खोका ओढावा, दोर धरावा. बळापेक्षा निरीक्षण कामाला येते.

खिडकी आणि कागद

चौथा खेळ या वर्षातला माझा सर्वांत आवडता. नाव 'पेपर्स, प्लीज', म्हणजे 'कागद दाखवा'. लुकास पोप या एकट्या माणसाने तो बनवला आणि २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. पुढे २०२२ मध्ये मोबाइलवरही आला.

यात तुम्ही एका काल्पनिक देशाच्या सीमेवरचे कारकून असता. साल १९८२. समोर रांग. एकेक माणूस खिडकीशी येतो, पासपोर्ट पुढे करतो. तारीख उलटली आहे का, फोटो जुळतो का, नावात फरक आहे का, हे तपासून हिरवा किंवा तांबडा शिक्का मारायचा. जितकी माणसे तपासाल तितका पगार. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना समज, तिसरीपासून पगारातून कापणी. संध्याकाळी हिशेब समोर येतो. घरभाडे, जेवण, घर गरम ठेवायचा खर्च, आजाऱ्याचे औषध. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका. पैसे पुरले नाहीत की कोण उपाशी राहील किंवा कोणाचे औषध चुकेल, ते तुम्हीच ठरवायचे. महिनाअखेरीस पगाराची पाकिटे वाटून ठेवणाऱ्या बाईला यातले काही समजावून सांगावे लागत नाही.

एके दिवशी एक नवरा येतो. त्याचे कागद चोख. जाताना तो सांगतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी दयेने वागा. ती येते, तर तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. सोडावे तर नियम मोडतो, अडवावे तर संसार मोडतो. माझी मुलगी म्हणाली, "सोड." मुलगा म्हणाला, "पगार कापतील." पंधरा मिनिटे आमच्या घरात वाद झाला. शेवटी सोडली आणि समजपत्र घेतले.

आपण आयुष्यभर खिडकीच्या अलीकडे उभे राहिलो आहोत. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा हवा. आजोबांच्या कागदावर एक नाव, वडिलांच्या दाखल्यावर दुसरे. कुठे पूर्वीची जात लिहिलेली, तर कुठे नुसते 'बौद्ध'. केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळाव्यात म्हणून १९९० साली आदेशात दुरुस्ती झाली, पण आडनावातल्या एका वेलांटीसाठी फेऱ्या मारणारी कुटुंबे आजही प्रत्येक चाळीत आहेत. मीही मुलीच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात चार खेपा घातल्या आहेत. हा खेळ माणसाला खिडकीच्या पलीकडच्या खुर्चीवर बसवतो. पलीकडचा माणूस दुष्ट असेलच असे नाही. त्यालाही भाडे भरायचे असते, आणि तरीही शिक्का त्याच्याच हातात असतो. खेळाला २० वेगवेगळे शेवट आहेत. आम्ही चार पाहिले. माझी मुलगी आता म्हणते, "मी स्पर्धा परीक्षा देईन, पण खिडकीवर माणसासारखी वागेन." एका खेळाकडून यापेक्षा जास्त काय मागावे?

इडली आणि आईची वही

पाचवा 'वेन्बा', २०२३ चा, कॅनडात राहणाऱ्या तमिळ माणसांनी बनवलेला. जेमतेम दीड-दोन तासांत संपतो. २०२४ साली त्याला पहिल्या खेळासाठीचा ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. एक तमिळ जोडपे १९८० च्या दशकात कॅनडात आलेले. त्यांना मुलगा होतो. आईची पाककृतींची वही फाटलेली, अक्षरे पुसलेली, आणि तीवरून अंदाजाने इडली करायची. शाळेत जाणाऱ्या मुलाला स्वतःच्या डब्याची आणि भाषेची लाज वाटू लागते.

डब्याची लाज आपल्या किती मुलांनी गिळली आहे, ते आपल्यालाच ठाऊक. शाहू पाटोळे यांनी २०१५ च्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाची नोंद केली, म्हणून ती चव कागदावर तरी आली. खेळ संपल्यावर सासूबाईंनी आपणहून सांगायला सुरुवात केली आणि मुलीने वही उघडली. आजवर अकरा पदार्थ लिहून झाले आहेत.

पुण्याची राजी

सहावा 'राजी'. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या कंपनीने २०२० मध्ये काढलेला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'च्या पहिल्या खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळाले. सर्कशीतली एक गरीब मुलगी असुरांनी पळवलेल्या भावाला शोधत निघते. भिंतीवर धावते, खांबावर फिरते, त्रिशूळ आणि धनुष्य चालवते. लहानपणी रिमोट न मिळालेल्या बाईला ही मुलगी हातात आली की काय वाटते, ते लिहून सांगता येणार नाही. राजस्थानी थाटाचे महाल आणि भिंतीवरची चित्रे डोळ्यांत भरतात. शेवट मात्र अर्धवट वाटतो.

कथा सगळी पुराणातली. खलनायकाचे नाव महाबलासुर. मुलाने विचारले, "असुर नेहमी वाईटच का असतो?" मग जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त बळीराजाकडे कोणत्या नजरेने पाहिले, ते मी त्याला सांगितले. खेळ पुण्याचा, आणि प्रश्नाचे उत्तरही पुण्याचेच. गोष्ट जो बनवतो, तोच कोणाला राक्षस म्हणायचे ते ठरवतो. म्हणून आपल्या मुलांनी खेळ बनवायला शिकले पाहिजे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ साली आणलेले 'स्क्रॅच' फुकट आहे. त्यात ठोकळे जोडून लहान मुलेही खेळ बनवू शकतात. चवदार तळ्याच्या वाटेवर, २० मार्च १९२७ च्या दिवशी, खेळणाऱ्याला उभे करणारा खेळ आपल्याच वस्तीतल्या मुलीने का करू नये?

ज्याला शेवट नाही

आता दुसरी बाजू. या सहाही खेळांना शेवट आहे. पडद्यावर 'समाप्त' येते, माणूस उठतो आणि कामाला लागतो. मोबाइलवरच्या पुष्कळ खेळांना शेवटच नसतो. आज आला नाहीस तर बक्षीस बुडेल, आणखी थोडे पैसे भर, मित्राला बोलाव, अशी त्यांची रचना असते. त्यातला सर्वांत वाईट प्रकार पैसे लावायचा. आमच्या ओळखीतला एक तरुण पगाराच्या रात्री फोनवर रमी खेळत बसला, आणि सकाळी त्याच्याकडे रेल्वेच्या पासापुरतेही पैसे उरले नाहीत. पूर्वी जुगाराचा अड्डा वस्तीच्या कोपऱ्यात असे आणि जाणारा दिसे. हा अड्डा उशीखाली आला. बायकोला पत्ता लागतो तो कर्जवाल्याचा फोन आल्यावर.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने यावर कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात पैशांचे खेळ बंद केले. परंतु चोरवाटा नेहमीच असतात, आणि घरातली नजर कायद्याच्या आधी पोहोचते.

आई-वडिलांनी एवढे तरी करावे. मुलाच्या हातातला खेळ एकदा स्वतः खेळून पाहावा. तो संपतो का, ते विचारावे. आत पैसे मागतो का, ते बघावे. फोनला जोडलेले बँकेचे खाते आणि पासवर्ड मुलांच्या हाती देऊ नयेत. आठवड्याचे तास ठरवावेत आणि ते आपणही पाळावेत. मुलींनाही पाळी द्यावी, बाजूला बसवू नये. आणि खेळ संपला की त्यावर चार वाक्ये बोलावीत, कारण खरा अभ्यास त्या बोलण्यातच होतो. शेजारच्या घरात उसना खेळ देता आला तर द्यावा, आणि त्याबरोबर सोबत बसायचा एक तासही द्यावा.