गुणगणक, इलेक्ट्रॉनीय

खेळाच्या सामन्यात दोन्ही संघांचे गुण कळ दाबून मोजणारे व प्रकाशित अंकांनी दाखविणारे साधन. नांदेड व लातूर भागांत मोकळ्या मैदानावर होणाऱ्या कबड्डी सामन्यांसाठी ते उपयुक्त असून नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या (स्थापना १९८१) ठिकाणी शिकविल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिकीच्या मूलतत्त्वांवर ते तयार करता येते.

रचना : साधनाचा मुख्य घटक म्हणजे सूक्ष्मनियंत्रक (मायक्रोकंट्रोलर) होय. यात प्रक्रियक, स्मृती व आदान-प्रदानाची अग्रे एकाच संकलित मंडलावर असतात. ‘एटीमेगा ३२८पी’ हा ८ बिटांचा सूक्ष्मनियंत्रक या कामास पुरेसा आहे. प्रत्येक संघासाठी गुण वाढविण्याची एक व चूक दुरुस्त करण्यासाठी कमी करण्याची एक, अशा एकूण चार कळा असतात. कळ अग्र व भूमी यांमध्ये जोडतात. कळ मोकळी असताना अंतर्गत रोधकामुळे अग्रावर ५ व्होल्ट दाब राहतो. दाबताच तो शून्य होतो.

प्रत्येक संघाचे दोन, असे चार अंक दाखवावयाचे असतात. प्रत्येक अंकाच्या सात रेखांसाठी स्वतंत्र तारा घेतल्यास २८ अग्रे लागतील. अंक आळीपाळीने वेगाने प्रकाशित केल्यास ७ + ४ = ११ अग्रे पुरतात. दृष्टिसातत्यामुळे सर्व अंक एकाच वेळी उजळलेले दिसतात. दुरून वाचावयाच्या मोठ्या अंकांना अधिक प्रवाह लागत असल्याने तो ट्रँझिस्टरांमार्फत पुरवितात.

अचूकता : कळ दाबली असता तिचे धातूचे संपर्क काही मिलिसेकंद उसळतात आणि एकाच दाबाचे अनेक गुण मोजले जाऊ शकतात. एका गुणाने निकाल फिरू शकत असल्याने हा दोष गंभीर ठरतो. म्हणून बदल आढळल्यावर सु. २० मिलिसेकंदांनी अग्र पुन्हा तपासतात व कळ सुटेपर्यंत पुढील गुण मोजत नाहीत. लोण झाल्यास दोन जादा गुणांसाठी कळ दोनदा दाबावी लागते. हाताच्या वेगाच्या मानाने हा विलंब अल्प असल्याने दुसरा दाब हुकत नाही.

वीज खंडित झाल्यास तात्पुरत्या स्मृतीतील गुण पुसले जातात. यासाठी प्रत्येक बदल स्थायी स्मृतीत (ईईप्रॉम) नोंदवितात. तिच्या एका स्थानाची लेखनक्षमता सु. १ लक्ष वेळा असते. सामन्यात एका संघाची ४० लेखने धरली, तर ती २,५०० सामन्यांस पुरते. तथापि कळ दाबणाराची चूक साधनास ओळखता येत नाही. म्हणून दर्शविलेले गुण लेखी गुणपत्रकाशी वेळोवेळी ताडून पाहणे आवश्यक असते.